द्वारकाआजीचे तीन गुण

दहापैकी नऊ गुण द्वारकाआजीने उभ्या आयुष्यात दोनदाच दिले. पहिल्यांदा मुर्ध्याच्या एका नवरदेवाला. होमाचा धूर नवरीच्या डोळ्यांत गेला, तेव्हा हा गडी विधी अर्धवट टाकून उठला आणि स्वतः तांब्याभर पाणी घेऊन आला. मामे-चुलते खिदळत होते, भटजी घड्याळ बघत होते, पण नवरीचे डोळे धुऊन झाल्याशिवाय त्याने पाटावर बूड टेकलं नाही. दुसऱ्यांदा नऊ मिळाले ते एका चिनी मालिकेला. तिच्यातला नायक पाचव्या भागात मोठी चूक करतो आणि पुढचे अकरा भाग नायिकेची माफी मागत फिरतो. बाकी जगाला आजी सहाच्या वर चढू देत नसे.

हा गुण द्यायचा अधिकार म्हातारीला दिला कोणी, असं विचारणारेही होते. त्यांनी आधी ती कोण हे विचारायला हवं होतं. द्वारकाआजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी बाई धवला गाते, गावदेवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलावते, आणि जिच्या तोंडून नवरीचं नाव निघाल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नाही, ती धवलारीण. पन्नास वर्षं ती गोडदेव, नवघर, राई, मुर्धा इथले मांडव गात आली होती. कोणत्या मांडवात कोणती पोरगी मनाविरुद्ध बसली होती, हे तिला अजून नावानिशी सांगता यायचं. लग्नाच्या गोष्टी कोरियातल्या असोत नाहीतर काशीगावातल्या, तिला त्यांतलं कळत होतं.

तिला हे गाणं शिकवणाऱ्या सरूबाईने दोन नियम घालून दिले होते. धवला मांडवाबाहेर गायचा नाही, आणि एकदा गायलेला आपला आवाज परत ऐकायचा नाही. "दिला तो दिला. त्या घरचा झाला. मागं वलून बगू नको," असं सरूबाई म्हणायची. द्वारकाआजीने हे इतकं मनावर घेतलं, की लग्नाच्या कॅसेट आल्या, सीडी आल्या, कौतुकाने लोक मोबाइलवर तिचंच गाणं लावून दाखवायला लागले, तरी ही बाई कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत निघून जायची. पुढे जे घडलं ते या सवयीमुळेच इतके दिवस लपून राहिलं.

सासरच्यांचं मिठागर होतं. ते गेलं, त्या भागात इमारती आल्या, आणि आता सगळं कुटुंब इंद्रलोक वसाहतीतल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होतं. नवरा नाथा पंचाहत्तरीचा. एक कान पूर्ण गेलेला, दुसरा अर्धा, आणि कानाचं मशीन कपाटातल्या डब्यात सुखरूप. मुलगा भूपेश, सून समीक्षा आणि नात सलोनी. आजीला मुलगी झाली नाही. त्यामुळे सलोनी जन्मली त्या दिवसापासून तिच्या मनात एकच हौस होती, की या पोरीची हळद आपण गायची. गुडघे गेले, दात गेले, पण गळा तेवढ्यासाठी जपायचा असं तिने ठरवलं होतं. थंड पाणी ती उन्हाळ्यातसुद्धा प्यायची नाही.

करोनाच्या दोन वर्षांत मांडव पडलेच नाहीत. लग्नं पन्नास माणसांत उरकायची आणि त्या पन्नासांत धवलारीण बसायची नाही. आजी दिवसभर गॅलरीत गप्प बसून राहायची. सलोनीचं ऑफिस तेव्हा घरातूनच चालायचं. तिने एका दुपारी आजीच्या हातात फोन दिला आणि हिंदीत डब केलेली एक कोरियन मालिका लावली. "बघ गं, टाइमपास होईल." तीन दिवसांत आजीने सोळा भाग संपवले आणि चौथ्या दिवशी नातीला समोर बसवून त्या मालिकेची तासभर बिनपाण्याने केली.

"ह्यांच्यात बारा ते चौदा भाग निस्ते पानी घालून वाडवलेले असतात. बाराव्यात कोनतरी गाडीखाली येतं न् सगलं इसरून जातं. चौदाव्यात पोराची आई पाकीट घेऊन येतं, माज्या पोराला सोड. आनि सोलाव्यात अर्ध्या तासात सगलं उरकतात, तीन वर्सांनी म्हून. अरे, तीन वर्सांत काय झालं ते सांगा ना! आमी काय हितं झोपा काडाला बसलोय?"

सलोनीने हे गुपचूप रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. आठवड्याभरात ते इतक्या बायकांनी ऐकलं, की तिने 'आजीचे गुण' नावाचा चॅनलच काढला. दर गुरुवारी दुपारी आजी सोफ्यावर मांडी घालून बसायची, पदर सारखा करायची, आणि सुरुवातीला हटकून एकच वाक्य बोलायची, "सलोनी, चालू झाला का गं?" मग नमस्कार, मग मालिकेचं नाव, मग गुण. कोरियन, चिनी, थाई, कोणाला सोडत नसे. थाई मालिकांत पोरगी पोराला उगीच थोबाडीत मारते आणि पोरगा तिला हाताला धरून फरफटवतो, त्याला ती सरळ शून्य देई. नायकापेक्षा दुसरा नायकच नेहमी बरा असतो आणि बिचारा नेहमी एकटाच राहतो, ही तिची कायमची तक्रार होती. ॲपवर लोकांनी उधळलेले साडेनऊ गुण बघितले, की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "ह्यो आकडा पोराच्या गालांना हाय. गोष्टीला किती दिले ते सांगा!"

तिचा स्वतःचा कायदा कडक होता. शेवटचा भाग बघितल्याशिवाय गुण नाहीत. आणि चूक केलेल्या पुरुषाला माफी न मागता बाई परत मिळाली, तर असतील त्यातले अर्धे गुण कापायचे. रेकॉर्डिंग झालं की विषय संपला. सलोनी त्याचं पुढे काय करते, कुठे कापते, कुठे जोडते, हे आजीने कधी बघितलं नाही की ऐकलं नाही. दिला तो दिला.

ऐकणाऱ्यांत एक गोदूबाई होती. मूळची रत्नागिरीकडची, नवरा गेलेला, पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहायची आणि चार घरी पोळ्या लाटायची. लाटताना ओट्यावर फोन ठेवून 'आजीचे गुण' ऐकायची. एकदा पत्ता विचारत विचारत ती इंद्रलोकला आली, पिशवीभर आमसुलं दिली आणि निघताना दाराशी घुटमळली.

"द्वारकाताई, एक विचारू? माझी मिनल होळीपासून माहेरी आलेय. जावई हात उचलतो. घरात बसून असते, बोलत नाही. संध्याकाळी दोघी मिळून मालिका बघतो, तेवढाच विरंगुळा. ज्यात मारणाऱ्याकडे बाई परत जात नाही, अशी सांगाल?"

आजीने ते हसण्यावारी नेलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक मालिका दोनदा बघायची, एकदा स्वतःसाठी आणि एकदा मिनलसाठी. गोदूबाईला फोन करून सांगायची, ही दाखव, ती दाखवू नको. हळूहळू मिनल बोलायला लागली, एका दुकानात कामाची चौकशीसुद्धा करून आली. त्या दिवशी आजीने देवापुढे साखर ठेवली.

मग 'सोळाव्या मजल्यावरचा पाऊस' आली. एका नव्या ॲपने आणलेली ही कोरियन मालिका. इंद्रलोकच्या बस स्टॉपवर तिचं पोस्टर, रिक्षांच्या मागे तिचं पोस्टर. आजीने ती नेमाने बघितली आणि गुरुवारी सोफ्यावर बसून निकाल दिला.

"पोरगा देखना हाय. गानी बरी हायत. पन नवव्या भागात त्यानी हात उचलला, आनि सोलाव्यात छत्री घेऊन खाली उभा रायला, न् ही बया धावत गेली. छत्री म्हंजे माफी न्हाय. तीन गुन. तेपन गान्यांचे."

सलोनी नेहमी अशा वेळी खो खो हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. "आजी, परत एकदा घेऊ या का? थोडं सॉफ्ट बोल ना," ती म्हणाली. आजीने हात झटकले. एकदा दिले ते दिले. पोरीचं लग्न दीड महिन्यावर आलंय, तिच्या डोक्यात शंभर गोष्टी असतील, असं तिने मनाशी म्हटलं आणि ती उठून गेली.

सलोनीचा होणारा नवरा मितेश नवघरचा. आजीला तो आवडायचा. नमस्कार करताना खरोखरचा वाकायचा, नाथाशी मोठ्याने आणि न कंटाळता बोलायचा. आजीने त्याला मनातल्या मनात साडेसहा दिले होते आणि उरलेले लग्नानंतर बघू असं ठरवलं होतं. तो कुठल्याशा ॲपवाल्या कंपनीत जाहिरातीचं काम करतो एवढं तिला माहीत होतं. कुठल्या ॲपच्या, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही.

त्या गुरुवारनंतर तिसऱ्या सोमवारी, भर दुपारी, गोदूबाई दारात उभी राहिली. ही तिची पोळ्यांची वेळ. काम टाकून आली म्हणजे काहीतरी मोठं असणार, असं म्हणत आजीने चहा टाकायला लावला. गोदूबाई बसली नाही.

"ताई, तुम्ही नऊ दिलेत," ती म्हणाली.

"कशाला?"

"त्या पावसाच्या मालिकेला. आम्ही बघितली. तुमचा फोन आला नाही, लग्नाची गडबड असेल म्हटलं. पण तुम्ही नऊ दिलेत म्हणून मी मिनलला म्हटलं, बघ, आजींनी नऊ दिलेत म्हणजे ही बाई परत जाणार नाही. पंधरा भाग मिनल म्हणत होती, नाही जाणार, नाही जाणार. सोळाव्यात ती धावत गेली." गोदूबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मिनल उठून झोपायला गेली. सकाळी मला म्हणाली, आई, एक त्या आजी होत्या ज्या वेगळं बोलायच्या. त्यापण आता नऊ देतात. म्हणजे चूक माझीच असणार. आणि पिशवी भरली. विरारला गेली काल, त्याच्याकडे. मी अडवलं तर म्हणते, तो गेल्या आठवड्यात दोनदा खाली येऊन उभा राहिला होता."

"मी तीन दिले," आजी म्हणाली. "गोदूबाई, शपथ घेऊन सांगतंय. तीन दिले मी."

गोदूबाईने पिशवीतून फोन काढला, शोधलं आणि समोर धरला. आजीचे हात सवयीने कानांकडे गेले. मग तिने ते खाली घेतले, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला.

आवाज तिचाच होता. नमस्कार तिचा. मालिकेचं नाव तिच्या तोंडचं. पोरगा देखना हाय, गानी बरी हायत. आणि त्याच्या पुढे, जराही न अडखळता, "शेवटपर्यंत बगा. मन भरून येतं. नऊ गुन." आणि त्या नवाच्या मागे कुकरची शिट्टी.

त्या शिट्टीवरून तिला कळलं. पावसाच्या मालिकेच्या गुरुवारी एकादशी होती, घरात कुकर लागलाच नव्हता. शिट्टी झाली होती ती चिनी मालिकेच्या वेळी. नऊ गुण खरे होते, पण दुसऱ्याचे होते. माफी मागणाऱ्याचे काढून हात उचलणाऱ्याच्या पदरात घातले होते.

"म्हणजे हे तुम्ही बोलला नाहीत?" गोदूबाईने विचारलं.

"न्हाय."

"मग आवाज?"

"माजाच हाय."

गोदूबाई तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर आजीला चाललं असतं. तिथे नुसता संशय होता. पन्नास वर्षांत कुठल्या मांडवात कोणी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. चहा तसाच ठेवून गोदूबाई निघून गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आजीला वाटलं. आणि इथे तर खरोखर गळ्यालाच हात घातला होता, तोही मांडीवर वाढलेल्या पोरीने.

सलोनी संध्याकाळी घरी आली. आजीने तिला पाणी पिऊ दिलं आणि मग विचारलं. सलोनीने नाकारलं नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल.

"आजी, ऐक ना. ते ॲप मितेशच्या कंपनीचं आहे. त्याची पहिली मोठी सिरीज होती ती. तुझा चॅनल सगळ्या बायका ऐकतात, त्याच्या बॉसलासुद्धा माहितीये. बॉस म्हणाला, तुझ्या होणाऱ्या बायकोच्या घरचा चॅनल आणि तिथेच तीन? मितेशची नोकरी गेली असती, लग्न तोंडावर. मी काय करायचं होतं?"

"त्यानी सांगितलं तुला असं करायला?"

"नाही. त्याने फक्त तोंड पाडलं. मीच केलं." सलोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक आकडा होता गं फक्त. कोरियन सिरीजचा. कोणाचं काय बिघडलं?"

आजीने तिला मिनलचं सांगितलं. सलोनीने डोळे पुसले. मग म्हणाली, "पण ती तशीही गेली असती ना? कोणी सिरीज बघून थोडीच नवऱ्याकडे जातं."

तशीही गेली असेल, नसेल. आजीलाही ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की जायच्या आदल्या रात्री त्या पोरीने ज्या एका माणसाच्या शब्दाकडे बघितलं, तो शब्द तिच्या नातीने बदलून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिने गोदूबाईकडून नंबर घेऊन मिनलला फोन लावला. मिनल अदबीने बोलली. "आजी, राहू दे आता. त्या दिवशी तुमचाच आवाज म्हणाला नऊ. आज तुमचाच आवाज म्हणतोय तीन. मी कुठला खरा धरू?" मागून कोणीतरी हाक मारली आणि तिने घाईने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी आजीने सलोनीला शेवटचं सांगितलं. चॅनलवर खरे तीन गुण टाक, आधीचे नऊ खोटे होते आणि ते कोणी जोडले तेही सांग. मी सोफ्यावर बसतंय, आता बोलतंय. हे झाल्याशिवाय तुझ्या हळदीला मी गाणार नाही.

सलोनी "करते गं, लग्न होऊ दे," म्हणाली. तिला खात्री होती की आजी विरघळेल. मालिकांमध्ये आजी नेहमी सोळाव्या भागात विरघळते.

घरात मात्र वातावरण तापलं. समीक्षाने भांडी आपटली. भूपेश आईसमोर येऊन बसला. "आई, एका आकड्यासाठी नातीचं लग्न नासवणार तू? लोक काय बोलतील? धवलारणीच्या घरात धवला न्हाय?"

"तेच बोलतील जे खरं हाय," आजी म्हणाली.

नाथाला यातलं अर्धंच कळलं होतं. त्याला वाटत होतं, बायकोचा घसा बसलाय. तो तिला रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायचा आणि ती मुकाट्याने करायची. तिचं तिलाही नवल वाटायचं. गायचं नाही असं ठरवल्यावरही ती गळा जपत होती, कारण आत कुठेतरी तिला अजून वाटत होतं, पोरगी टाकेल ते तीन गुण. आपली आहे ती. शेवटच्या दिवशी का होईना, टाकेल.

हळदीच्या दिवशी इमारतीच्या आवारात मांडव पडला. पिवळे पडदे, पिवळे फुगे, डीजेचे माणसाएवढे स्पीकर. आजीने हिरवं नऊवारी नेसलं, कपाळावर आडवं कुंकू लावलं आणि खाली जायच्या आधी सलोनीच्या खोलीत गेली. सलोनी फुलांचे दागिने घालून बसली होती. इतकी गोड दिसत होती की आजीला क्षणभर सगळं विसरावंसं वाटलं.

"टाकलंस का गं?" आजीने विचारलं.

सलोनीने आरशातूनच तिच्याकडे बघितलं. "आजी, आज हा विषय नको ना. तू आज काही टेन्शन घेऊ नको. तू पुढे बस, तुला काहीच करायचं नाहीये."

म्हणजे टाकलं नव्हतं. आजी खाली गेली, आणि पुढच्या खुर्च्यांत न बसता अगदी मागे, मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. निदान आता सगळ्यांना कळेल, तिला वाटलं. वेळ येईल, बायका धवलारणीला हाक मारतील, ती जागची हलणार नाही, आणि मग का म्हणून कोणीतरी विचारेल. विचारलं की सांगायचं. गोदूबाईचं, मिनलचं, नवाचं, तिनाचं. तेवढं एक सांगायला मिळालं तरी पुष्कळ होतं.

नवरीला पाटावर बसवलं. वाटीत हळद कालवली. डीजेने गाणं बंद केलं, मांडव शांत झाला, दोन-चार म्हाताऱ्या मान वळवून तिला शोधायला लागल्या.

आणि स्पीकरमधून धवला सुरू झाला.

आजीला आधी वाटलं, आपलाच गळा आपल्याला न विचारता सुटला. तिने ओठांवर बोटं ठेवली. ओठ मिटलेले होते. आवाज मात्र मांडवभर घुमत होता, धडधाकट, काही वर्षांपूर्वीचा, दात शाबूत असतानाचा. राईतल्या कुठल्यातरी लग्नात कोणी मोबाइलवर धरून ठेवलेला असणार. गावदेवीला आवतण गेलं. जरीमरीला गेलं. मग घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायची ओळ आली, तिथे नावांच्या जागी नुसता ढोलकीचा तुकडा चिकटवला होता. राईच्या त्या घरची नावं कापून टाकली होती. या घरच्या सासू-सासऱ्यांना, दिरांना, मिठागरावर गेलेल्या माणसांना कोणी बोलावलंच नाही.

मग नवरीच्या नावाची ओळ आली. हे नाव धवलारणीच्या तोंडून निघाल्याशिवाय हळद लागत नाही. इथे तरी अडकतील, तिला वाटलं. इथे त्या राईच्या पोरीचं नाव असणार.

"सलोनी," स्पीकरमधून तिचाच आवाज म्हणाला.

तो गाण्यातला सूर नव्हता. दर गुरुवारी सोफ्यावर बसून, पदर सारखा करून, ती जी हाक मारायची, तीच होती ती. पुढचं 'चालू झाला का गं' तेवढं कापलं होतं. कापायला पोरगी भलती तरबेज झाली होती.

बायकांनी "हळद लागली, हळद लागली" म्हणत टाळ्या वाजवल्या. पाच जणींनी गालांना बोटं टेकवली. सलोनी हसली, मागे खांबाकडे बघून तिने हात हलवला, आणि तिच्या डोळ्यांत खरंखुरं प्रेम होतं. आता झालं ना सगळं नीट, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. आजीला तेच सहन झालं नाही. पोरीला अजूनही कळलं नव्हतं की तिने काय केलं. आता कोणी आजीला काही विचारणार नव्हतं. धवलारीण गायली होती, सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं.

नाथा गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आला. हळदीचा दिवस म्हणून त्याने आज कानात मशीन घातलं होतं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"गायलीस गं शेवटी," तो म्हणाला. "बरं केलंस. काय आवाज लागलाय तुजा आज!"

"अवो, मी न्हाय गायले," आजी म्हणाली. "मी हितं उभी हाय. माज्या तोंडाकडं बगा."

पण स्पीकरमधून दुसरं कडवं सुरू झालं होतं. नाथाने बोट ओठांवर ठेवून तिला गप्प राहायची खूण केली आणि कान स्पीकरकडे वळवला. त्याला बायकोचं गाणं नीट ऐकायचं होतं.